दोराचे दुसरे टोक

"पोरापायी पार खचला होता देविदास. समितीनं पोरगं बालवाडीतून बंद केलं न् दुसऱ्याच दिवशी यानं त्याले कमरेले बांधलं, घेऊन उतरला तलावात. दोर तुटला म्हणून पोरगं वाचलं, नाहीतर दोघंही गेले असते."

ही हकिगत मी तीन ठिकाणी ऐकली आहे. मालेगावच्या बसस्थानकासमोरील टपरीवर ऐकली तेव्हा चहा तसाच टाकून उठलो. वाशीमला कोर्टाच्या आवारात ती मला मेडशीच्या एका गृहस्थाने ऐकवली. त्याने देविदासला हयातीत पाहिलेही नव्हते, पण दोराचा रंगसुद्धा सांगत होता, आणि तोही चुकीचा. तिसऱ्यांदा ती आमच्याच बालवाडीच्या सभागृहात, देविदासच्या तसबिरीला हार घातल्यानंतर, समितीचे अध्यक्ष सुभेदार मेजर भगवानराव यांनी सांगितली. त्यांच्या भाषणात 'वैफल्य', 'दुर्दैवी निर्णय', 'ईश्वरेच्छा' असे शब्द होते. अर्थ टपरीवरचाच होता.

मृताच्या अब्रूसाठी मी हे लिहीत नाही. मृताला अब्रूचा उपयोग नसतो. मी लिहितो आहे ते त्याचा मुलगा ओम अजून बालवाडीच्या दाराबाहेर आहे म्हणून. देविदासची पत्नी सविता त्याला घेऊन पुन्हा प्रवेश मागायला गेली, तेव्हा तिला सांगण्यात आले, "बापानंच आशा सोडली होती, बाई. आता आमी कोणत्या भरवशावर घ्यावं?" ही हकिगत खरी ठरली की तो दरवाजा कायमचा बंद होतो, आणि त्याच्या पलीकडे ह्या मुलाला घेणारी दुसरी जागा सबंध तालुक्यात नाही.

हवालदार देविदास काळबांडे आमच्या वस्तीत आला तेव्हा त्याच्या एका खांद्यावर पिशवी होती आणि दुसऱ्यावर दोराचे वेटोळे. मालेगावच्या टोकाला, वाशीम रस्त्यालगत ही वस्ती आहे. नवरे सीमेवर, आणि बायका मुलांच्या शाळेसाठी खेड्यांतून येऊन भाड्याने राहिलेल्या, अशी बहुतेक घरे. आम्हा निवृत्तांची काही घरे मधून मधून. ह्या मुलांसाठी आम्ही माजी सैनिकांनी बालवाडी आणि तिला जोडून पाळणाघर सुरू केले होते. शिकवायला मंदाताई होत्या. पालकांचा संबंध फाटकापुरता होता. सकाळी मूल सोडायचे, दुपारी न्यायचे.

देविदास पळून आला, असेही काही जण म्हणतात. त्या मंडळींनी बर्फ फक्त रसवंतीत पाहिला आहे. तो दोन वेळा हिमनदीवरच्या चौकीत राहून आला होता आणि त्याच्या डाव्या पायाची दोन बोटे तिकडेच राहिली होती. त्याची पलटण छावणीत होती तोवर ओम तिथल्या विशेष मुलांच्या शाळेत जाई. डॉक्टरांनी त्याच्या अवस्थेला स्वमग्नता हे नाव दिले होते. त्या शाळेत तो 'पाणी' आणि 'बाबा' असे दोन शब्द बोलू लागला. मग पलटण पुन्हा वर गेली, कुटुंबाला गावी यावे लागले, आणि थोड्याच महिन्यांत ते दोन्ही शब्द गेले. सविताने फोनवर एवढेच सांगितले, "तो आता तुमचं नाव घेत नाही." देविदासने पेन्शनीपुरती वर्षे पूर्ण होताच बढतीची वाट न पाहता निवृत्ती घेतली. त्याच्या कंपनीच्या सुभेदाराने विचारले, "घरी जाऊन काय करणार?" हा म्हणाला, "ड्युटीच करणार, साब. जगह बदलली फक्त."

ओम पळत असे. दार उघडे दिसले की निघाला. त्याला भीती नव्हती आणि हाक ऐकून वळण्याची सवयही नव्हती. बालवाडीतल्या पहिल्याच आठवड्यात तो फाटकातून निसटला आणि वाशीम रस्त्यावर एसटीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. चालकाने ब्रेक दाबला म्हणून वाचला. खाली उतरून त्या चालकाने मागून धावत आलेल्या देविदासला जे ऐकवले ते मी लिहिणार नाही. देविदासने ते सावधान स्थितीत उभे राहून ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी त्याने दोर आणला. बर्फावर चालणारी तुकडी ज्या दोराने एकमेकांना जोडलेली असते तशा जातीचा, एके काळी निळा असलेला, आता राखी झालेला. एक टोक ओमच्या कमरेला, एक त्याच्या स्वतःच्या. मधे चार-पाच हात ढील. मेडशीकडची एक बाई फाटकाशीच कडाडली.

"आमी गायलेबी असं बांधत नाही, हवालदार भाऊ. लेकरू हाये ते."

देविदास रागावला नाही. त्याने आपल्या कमरेची गाठ तिला दाखवली.

"गाईच्या दाव्याचं दुसरं टोक खुंट्याले असते, वहिनी. याचं माह्या कमरेले हाये. तो जिकडं जाईन तिकडं मलेबी जा लागते. मंग बांधलेला कोण?"

ती बाई पुढे त्याच्या बाजूने भांडणाऱ्यांपैकी एक झाली, हे भगवानराव सांगत नाहीत. ओम स्वतः दोर आणून बापाच्या मांडीवर टाकत असे, हेही सांगत नाहीत. दोर बांधला की त्याची हाताची फडफड थांबे आणि तो सरळ चाले. देविदास म्हणे, "वर धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. दोराले हिसका बसला की समजते, आहे बा कोणी." घराबाहेर असताना त्याच्या कमरेचे टोक मी कधी सुटलेले पाहिले नाही. तो दुकानात दोरासकट जाई, बँकेत दोरासकट रांगेत उभा राही. लोक हसत. तो रोज दाढी करून, बूट चमकवून, जणू परेडला निघालो आहोत अशा थाटात बालवाडीच्या दाराशी येई आणि मंदाताईंना मोठ्याने कळवी, "एक बाप, एक लेकरू, हजर." मग लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन, दिवसभर बसे.

तिथे बसून त्याने आमची बालवाडी बदलली. ओमला घंटा सहन होत नव्हती. पितळी घंटा वाजली की तो कान दाबून फरशीवर डोके आपटे. देविदासने मंदाताईंना विनंती केली, मंदाताईंनी समितीला विचारले, समितीने नकार दिला. घंटा एका माजी सैनिकाच्या स्मरणार्थ दिलेली होती. तेव्हा देविदासने लाल आणि हिरव्या कापडाचे दोन झेंडे शिवून आणले. हिरवा वर गेला की बाहेर, लाल वर गेला की आत. मुलांना हा खेळ इतका आवडला की घंटेला कोणी विचारीनासे झाले. भगवानराव पाहणीला आले तेव्हा सारी बालवाडी हिरव्या झेंड्याकडे डोळे लावून निःशब्द बसली होती. ते म्हणाले, "इतकी शिस्त तर आमच्या पलटणीत नव्हती." ह्या वाक्याला मी साक्षीदार आहे. आज ते त्यांना आठवत नाही.

मग त्याने पालकांना आत आणले. समितीला वाटते ती कल्पना समितीची होती. ती देविदासची होती आणि मंदाताईंखेरीज कोणालाही ती आरंभी रुचली नव्हती. त्याचे म्हणणे असे की चौकीवर पहारा बदलतो तेव्हा जाणारा येणाऱ्याला सगळे सांगून जातो: काय दिसले, काय ऐकले, कुठे लक्ष ठेवायचे. मग मूल सोपवताना आपण नुसता डबा का सोपवतो? त्याने प्रत्येक घराला आठवड्यातला एक पहारा लावला. घरातले एक माणूस आत बसेल, आणि जाताना पुढच्याला तोंडी सांगून जाईल की आज कोण रडले, कोण जेवले नाही, कोणाला काय सोसत नाही. ओमचे नाव त्यात इतरांसारखेच येई. हेच त्याला हवे होते. आपल्या मुलासाठी वेगळी दया मागण्याऐवजी त्याने सगळ्यांच्याच मुलांना पहाऱ्यात घेतले.

सुना शेतीच्या हंगामात गावी जात, म्हणून पहाऱ्याला सासरे येऊ लागले. त्यांत लान्स नायक किसनराव होते, गलमिशांचे, दोन लढायांचे किस्से सांगणारे. त्यांना नातीला भात भरवायला सांगितले तर ते चमचा हातात धरून बसले.

"भरवा न्, किसनराव."

"कसं भरवू? माह्या तिन्ही पोरांच्या टायमाले मी बॉर्डरवर होतो. मी सुटीवर आलो की पोरं मले पाहून रडे."

"तोंड उघडायची वाट पाहा. हुकूम देऊ नका."

किसनराव वाट पाहत बसले. नातीने तोंड उघडले नाही. शेजारी बसलेल्या ओमने मात्र वाकून तो घास खाल्ला. ओम कोणाच्या हातचे खात नसे, सविताच्याही नाही. किसनरावांनी लगेच दुसरा चमचा भरला. "ह्यानं खाल्लं," ते म्हणत राहिले, "ह्यानं खाल्लं बा माह्या हातानं." देविदास खुर्चीवरून उठला आणि भिंतीकडे तोंड करून दोघांमधल्या सैल दोराची घडी घालत राहिला. ती घडी आधीच घातलेली होती.

ह्याच पहाऱ्याच्या बैठकांत तो बायकांना दोराचे नियमही समजावी. वस्तीच्या मागे पाझर तलाव आहे, मुले तिकडे जातात, म्हणून हे आवश्यक होते. मी तिथे होतो, आणि पुढे जे घडले ते समजण्यासाठी त्याचे शब्द मी जसेच्या तसे देतो.

"आपला गडी बर्फाच्या फटीत पडला, तं पहिले त्याच्याकडं पळायचं नाही. पहिले दोर अडकवायचा. खडक भेटला खडकाले, खुंटी भेटली खुंटीले. मंग जायचं. उलटं केलं तं दोघं जाते."

एका तरुण सुनेने विचारले, "न् जो दोर अडकवते, त्याले कोण धरते?"

"त्याचं त्यानं पाहायचं," देविदास म्हणाला, आणि बायका हसल्या.

खचला होता का? होय. ह्या एका गोष्टीत टपरीवरची मंडळी बरोबर आहेत आणि मी ते नाकारणार नाही. ओम वाढत होता, जोर वाढत होता, शब्द परत येत नव्हते. अकोल्याच्या डॉक्टरांनी सुचवलेले उपचार महिन्यातून दोनदा करायचे, तर बसमध्ये ओम किंचाळे आणि वाहक मधेच उतरवून देई. दोघे बाप-लेक मालेगावपर्यंत रस्त्याच्या कडेने चालत परतलेले मी पाहिले आहेत. एकदा माझ्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "साहेब, मी आहे तोवर हा दोर आहे. मंग?" मी सैन्याच्या शिक्षण शाखेत नोकरी केली होती. तिथे ह्याचे उत्तर शिकवलेले नव्हते.

नंतर ओम चावला. नव्याने आलेल्या एका नायकाच्या मुलीने त्याच्या कमरेचा दोर ओढून पाहिला आणि त्याने तिच्या दंडाला दात लावले. रक्त आले. मुलीची आई समितीकडे गेली, आणि तिचे जाणे रास्त होते. समितीने पुढे जे केले ते मात्र फक्त आमच्यासारखी माणसेच करू शकतात. मंदाताईंना बोलवावे, आईबापांना समोरासमोर बसवावे, असे न करता समितीने पेशी लावली. पलटणीत जवानाने गुन्हा केला की त्याची टोपी काढून, दोन्ही बाजूंना माणसे देऊन, साहेबांपुढे कदम मिळवत आणतात. तशी. टेबलामागे भगवानराव, दोन्हीकडे सदस्य. मी सदस्य होतो. ही पद्धत लेकराला लावू नका असे मी आधीच म्हणालो होतो, उभा राहून म्हणालो होतो. मला खाली बसायला सांगण्यात आले.

देविदास आत आला. टोपी त्याने स्वतःच काढली. ओम दोराच्या टोकाला. देविदास सावधान उभा राहिला आणि ओम टेबलाकडे चालत गेला, भगवानरावांसमोर ठेवलेली त्यांची लष्करी टोपी, बॅरेट, त्याने उचलली आणि आपल्या डोक्यावर घातली. ती नाकापर्यंत आली. दाराशी उभे असलेले किसनराव हसले आणि त्यांना खोकला लागला.

भगवानराव म्हणाले, "हवालदार, मुलगा सुधरेपर्यंत बालवाडीत आणायचा नाही."

"साहेब, तो सुधरून नाही राह्यला, तो शिकून राह्यला. बाहेर ठेवला तं शिकणार कसा?"

"निर्णय झाला आहे."

"सजा मले द्या, साहेब. त्याच्या वाट्याची मी भोगतो. फाटकाशी उभं करा, संडास धुवायले लावा. त्याले आत बसू द्या."

"एकाची सजा दुसऱ्याला देता येत नाही. तुला नियम माहीत आहे."

"नियम माहीत आहे," देविदास म्हणाला. त्याने ओमच्या डोक्यावरची बॅरेट काढली, बाहीने पुसली, टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवून कदम मिळवत बाहेर गेला. दोर ताणला गेला तसा ओमही त्याच्यामागे गेला. मतदानात विरोधी हात एकच होता, तो माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीच्या वेळेला ओम नेहमीप्रमाणे फाटकाशी गेला. फाटक बंद होते. आत हिरवा झेंडा वर गेला, मुले अंगणात आली, आणि ओमने गज धरून आवाज काढायला सुरुवात केली. त्या आवाजाला रडणे म्हणता येत नाही. देविदासने त्याला किती वेळ तिथे उभे राहू दिले ते ठाऊक नाही. मी ओट्यावर आलो तेव्हा दोघे माझ्या घरावरून तलावाच्या वाटेने चालले होते. दाढी केलेली, बूट चमकवलेले, दोर मधे सैल. देविदास थांबला.

"हा टाइम विसरत नाही, साहेब. फिरवून आणतो. संध्याकाळी येतो तुमच्याकडं, अर्ज लिहायचा हाये. तुमचं मराठी चांगलं आहे."

"ये," मी म्हणालो.

तेच त्याचे शेवटचे दर्शन. पाठमोरा, किंचित लंगडत, मुलाच्या चालीने चालणारा. संध्याकाळी अर्ज लिहायला येणारा माणूस सकाळी जीव देत नाही, असा युक्तिवाद मी करू शकलो असतो. मी तो करत नाही. माणसे उद्याच्या गोष्टी बोलतात आणि आज जातात, हे मी पाहिले आहे. त्याच्या स्वभावाचा पुरावाही मी देत नाही. मी दुसरेच सांगणार आहे.

थोड्या वेळाने शेळ्या राखणाऱ्या गोदाबाई धावत वाटेवर आल्या. पहिले घर माझे, म्हणून पहिला मी पोहोचलो, जसा पोहोचू शकलो तसा. उन्हाळ्यात लोकांनी शेतात टाकायला तलावातला गाळ उपसून नेला होता, त्याचे खोल खड्डे आता पाण्याखाली होते. ओम पाण्यात कसा गेला ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो बोलत नाही. तो काठाशी चिखलात बसला होता. छातीपर्यंत गाळाने माखलेला, दोर कमरेला, तोंडाने एकच सूर धरून गुणगुणत. देविदास कुठेही दिसत नव्हता. पाण्यावर बेशरमीची पाने तेवढी हलत होती. त्याला दुपारनंतर भोयांनी खड्ड्यातून काढले. गाळात मांड्यांपर्यंत रुतलेला होता.

मी ओमच्या कमरेचा दोर सोडायला गेलो तेव्हा तो माझ्या हाताला चावला. दोर सोडू देईना. तो थंडीने निळा पडत होता, त्याला तिथून नेणे भाग होते. म्हणून गोदाबाईंनी पाला तोडायच्या विळ्याने दुसऱ्या टोकाजवळ दोर कापला आणि आम्ही ओमला दोरासकट उचलून आणले. वाटेत लोक भेटले. त्यांनी मुलाच्या कमरेला लोंबणारा, टोक नसलेला दोर पाहिला आणि ठरवून टाकले की तो तुटला. भगवानरावांनीही तेच पाहिले. चार माणसांचे वजन पेलणारा दोर असा तुटत नाही, हे सैन्यात राहून आलेल्या माणसाला कळायला हवे होते. दोर आम्ही कापला, असे मी पंचनाम्यात सांगितले. गोदाबाईंनी दहा घरी सांगितले. शेळ्या राखणाऱ्या बाईचे आणि भांडखोर म्हाताऱ्याचे कोण ऐकतो.

ओम आता घरीच असतो. सविता त्याला दारात बसवून कामे करते. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तो उंबऱ्यावर होता, तोच दोर कमरेला. मी जवळ गेलो तशी त्याने माझ्याकडे न पाहता कापलेले टोक उचलले आणि माझ्या हातात दिले. सविता म्हणाली, "येईल त्याले देते, काका. दूधवाल्याले देते, पोस्टमनले देते. लोक घेते न् खाली ठेवून जाते." मी ते बराच वेळ धरून बसलो. माझे वय लक्षात घेता तो काही उपाय नव्हे.

समितीच्या येत्या बैठकीत ओमच्या प्रवेशाचा विषय आहे. हे मी तिथे वाचणार आहे आणि मग सर्व सदस्यांना माझ्यासोबत तलावापर्यंत चालण्याची विनंती करणार आहे. माझे गुडघे चालतील तर त्यांचेही चालतील. काठावर एकच बाभूळ आहे. मुलाला घेऊन मरायला निघालेल्या माणसाच्या दोराचे टोक त्याच्या स्वतःच्या कमरेला असते. ते टोक देविदासने पाण्यात उतरण्यापूर्वी सोडले होते. गोदाबाईंनी कापला त्याच्या पलीकडचा तुकडा, दोन वेढे आणि एक पक्की गाठ, अजून त्या बाभळीच्या बुंध्याला बांधलेला आहे.